माग थांबवून घेतलेली परीक्षा

आमची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली ओळीने लावलेले, विजेवर चालणारे माग. त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत चादरी निघायच्या. मालक तेलुगू, घरचेच असल्यासारखे वागणारे. माझे यजमान तिथे माग चालवायचे आणि मी खोलीच्या दारात सूत गुंडाळायचा रहाट घेऊन कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लहानशी गुंडाळी. मागांचा आवाज एवढा की फळीवरची भांडी दिवसभर किणकिणायची. लग्न होऊन वळसंगहून आले तेव्हा माझं डोकं दुखायचं. मग सवय झाली आणि तो आवाज ऐकू येईनासाच झाला.

अशा घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोग नसतो. जवळ असेल तर खांद्याला हात लावायचा, लांब असेल तर हात हलवायचा. जेवायला या, पाणी द्या, सूत तुटलं, सगळं हातांनी आणि ओठांनी. आमच्या मुलीचा जन्म याच घरातला. ती तीन वर्षांची होईपर्यंत तिला नावाने हाक मारून बघावी असं आमच्या कुणाच्या मनात आलं नाही.

ते आलं माझ्या सासूबाईंच्या मनात. त्यांना मी आत्या म्हणायची. त्या मोडनिंबजवळच्या गावी थोरल्या दिरांकडे असायच्या. एकदा आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा सुट्टीचा वार होता आणि माग बंद होते. मुलगी खाटेखाली, भिंतीला डोकं लावून किरकिरत पडली होती. आत्यांनी दोन-चार हाका मारल्या, मग तिच्या पाठीमागे ताट आपटलं. तिने मानसुद्धा हलवली नाही.

"अगं, ही पोरगी ओ देत न्हाई की."

"ल्हान हाय आत्या अजून," मी म्हणाले.

"ल्हान कुटं? हिच्याएवढ्या पोरी पान्याला जात्यात. बहिरी हाय ही. आन बहिऱ्याला बोलनं कुटनं येनार?"

ती बोलत नव्हती हे खरंच होतं. सात रस्ता चौकात एक कानाचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेली. त्यांनी तिच्या दोन्ही कानांमागे घंटी वाजवली, लोखंडी काटा वाजवून कानापाशी धरला. ती त्यांच्या टेबलावरच्या पंख्याकडे बघत बसली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत नाही, आणि तसं कागदावर लिहून दिलं.

ती पाच वर्षांची झाली तेव्हा यजमानांनी चौकशी करून मुक्या-बहिऱ्या मुलांची एक शाळा शोधून काढली. दुसऱ्या शहरात, तिथेच राहायची सोय. जूनमध्ये घेऊ, असं शाळेवाले म्हणाले. त्यांनी पत्र्याची एक निळी पेटी आणली, तिच्यावर तिचं नाव रंगवून घेतलं, आणि मी तिचे फ्रॉक धुऊन त्यात ठेवले. यजमानांचं मन वाईट नव्हतं. "चार गोष्टी शिकंल. शिवन शिकंल. आपल्या माघारी कोन हाय तिला?" असं ते म्हणायचे. पण ती रात्री माझ्या पदराचा काठ मुठीत धरून, अंगठ्याने घासत घासत झोपायची. काठ सुटला तर उठायची. हे त्या शाळेतल्या माणसांना कोण सांगणार, असं मला वाटायचं. तिलाच सांगता येत नव्हतं आणि मला विचारणारं कुणी नव्हतं.

शाळेने एक अट घातली होती. मुलगी बहिरी असली तरी बुद्धीने बरी आहे, असा दाखला हवा. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा आमच्याकडच्या धर्मार्थ दवाखान्यात येत. लहान मुलांच्या बुद्धीची परीक्षा घेतात असं त्यांच्याविषयी ऐकलं होतं. त्यांच्याकडे गेलो. मला रात्रभर एकच घोर होता. ती नापास झाली तर लोक तिला वेडी म्हणणार, आणि पास झाली तर जूनमध्ये ती जाणार. देवापुढे काय मागावं तेच कळेना. नुसता दिवा लावून निघाले.

परीक्षा म्हटल्यावर मला पाटी, खडू, छडी असंच काहीतरी डोळ्यांपुढे येत होतं. मी चौथीपर्यंत शिकले, मला तेवढंच माहीत. पण त्या खोलीत खाली सतरंजी होती आणि कोपऱ्यात खेळण्यांची टोपली. बाई पन्नाशीच्या असतील. चपला दाराशी काढून त्या मांडी घालून खाली बसल्या, आणि तिच्याकडे बघेचनात. टोपलीतलं एकेक काढून स्वतःच खेळू लागल्या. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग हळूहळू सरकली. घरून मुठीत आणलेली कांडी फरशीवर भोवऱ्यासारखी फिरवू लागली. बराच वेळ असा गेला तेव्हा यजमान माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "परीक्षा कवा सुरू हुनार?"

बाईंनी ऐकलं. "केव्हाच सुरू झाली आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आपलं खेळायला लागल्या.

मग त्यांनी एक लाकडी फळी पुढे सरकवली. तिच्यात गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी असे खड्डे होते आणि त्यात बसणारे तुकडे वेगळे ठेवलेले. मुलीने फळीकडे पाहिलं न पाहिलं आणि तुकडे भराभर बसवून टाकले. बाईंनी फळी उलटी फिरवून दिली. तिने तशीही बसवली, एकही तुकडा चुकून दुसऱ्या खड्ड्यात टेकवला नाही. यजमानांनी माझ्याकडे बघून मान हलवली. ते खूश होते. मलाही भरून आलं, आणि त्याच वेळी ती निळी पेटी आठवली.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी एक बाहुली काढली, वाटी-चमचा काढला, बाहुलीला घास भरवल्यासारखं केलं आणि चमचा मुलीच्या हातात दिला. तिने चमचा घेतला, उजेडात धरून हलवत बसली. बाहुलीकडे बघितलं नाही. मग बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं, "ते बघ." तिने बघितलं नाही. बाईंनी ठोकळा स्वतःच्या बोटावर पडल्यासारखं केलं आणि कळवळल्या. मी चटकन पुढे झाले, एवढं ते खरं वाटलं. मुलगी मात्र ठोकळे ओळीने लावत होती. शेवटी बाईंनी घट्ट झाकणाच्या एका डब्यात तिची कांडी टाकली आणि डबा तिच्यापुढे ठेवला. तिला तो उघडेना. तिने बाईंचं मनगट धरलं आणि त्यांचा हात नेऊन झाकणावर ठेवला. तोंडाकडे पाहिलं नाही. बाईंनी झाकण उघडून दिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. यजमान उत्तरं देऊ लागले तसं म्हणाल्या, "थांबा हं जरा, आईंना बोलू द्या."

मी पदर सावरून पुढे सरकले. बाईंनी घाई केली नाही.

"काही हवं असलं तर घरी कसं मागते?"

"हात धरून नेती."

"तुमचा हात धरते, की मनगट?"

"मनगट," मी म्हणाले. चुलीवरचं पातेलं उचलायला आपण सांडशी उचलतो, तसं ती माझं मनगट उचलायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंही कधी वाटलं नव्हतं.

"तान्ही असताना उचलायला गेलात तर हात वर करायची?"

"न्हाई."

"एखादी गोष्ट आणून तुम्हाला दाखवते? हे बघ म्हणून?"

"न्हाई. आनती, पर मला दावायला न्हाई."

"गोल फिरणारं आवडतं?"

"लई."

"रोजची वाट बदलली तर?"

"रस्त्यात बसती. उठत न्हाई."

आमच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून पाच वर्षं कुणी आत बघत बसावं, असे ते प्रश्न होते. बाई आम्हाला त्याच दिवशी पहिल्यांदा भेटल्या होत्या. मग हे त्यांना कुठून कळलं? आणि मग मला समजलं की त्यांनी ही असली मुलं आधी बघितलेली आहेत. माझी एकटीच अशी नाही. कुठेतरी दुसऱ्या एखाद्या घरात एखादी मुलगी आईचं मनगट धरून नेत असेल, आणि तिच्या आईनेही ते कुणाला सांगितलं नसेल. या गोष्टीला आता खूप वर्षं झाली, पण त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो मला अजून आठवतो. भीतीचा नव्हता तो. पहिल्यांदा देवळाच्या गाभाऱ्यात नेतात तेव्हा येतो तसा होता.

"घाबरते कशाला?" बाईंनी विचारलं.

"लाईट गेली की लई रडती," मी म्हणाले. "डोकं आपटती."

"अंधाराला भिती," यजमान म्हणाले.

बाईंचा पेन थांबला. "रात्री दिवा मालवल्यावर रडते?"

"न्हाई. मुकाट झोपती."

"म्हणजे दिवसा लाईट गेली की रडते."

"व्हय."

"तुमच्या खोलीला खिडकी आहे?"

"हाय की."

"मग दिवसा अंधार कुठे होतो?"

एवढी साधी गोष्ट. पाच वर्षं आम्ही म्हणत होतो की पोरगी अंधाराला भिते, आणि अंधार झालेलाच नसायचा. बाईंनी आणखी विचारलं, सुट्टीच्या वारी कशी असते? मी सांगितलं, खाटेखाली पडून असते, जेवत नाही. त्यांनी वही मिटली. "तुमचा कारखाना मला दाखवाल का? आजच?"

टांग्यात त्या आमच्याबरोबर बसल्या. वाटेत नुसत्या मुलीकडे बघत होत्या. तीही त्यांच्याकडे न बघता टांग्याच्या चाकाकडे बघत होती. दोघींचं एकमेकींशी बरं जमलं होतं.

हातात पिशवी घेतलेली बाई बघून कारखान्यात गडबड उडाली. कुणीतरी सरकारी साहेबीण आली असं वाटून मालकांनी सदऱ्याची बटणं लावली. खरं काय ते कळल्यावर मालकीणबाई हसत पुढे आल्या आणि मागांच्या वर आवाज चढवून म्हणाल्या, "काय डॉक्टरीणबाई, आमच्या मागाला ताप आला की काय?"

"एक-दोन मागांची नाडी बघायची आहे," बाई म्हणाल्या. "एकेक करून थोडा वेळ बंद कराल? दिवे मात्र सगळे चालू ठेवा."

मालक म्हणाले, चालू माग उगाच कसा थांबवायचा, चादरीत दोष पडतो. मालकीणबाई त्यांना तेलुगूत काहीतरी बोलल्या. मालक मागांपासून बाजूला झाले.

मुलीला तिच्या रोजच्या जागी, खोलीच्या दारात बसवलं. मागांकडे पाठ करून ती कांडी फिरवू लागली. बाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या, तिचा चेहरा दिसेल अशा. आधी त्यांनी मला तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवायला खुणेनं सांगितलं. मी वाजवल्या. काही नाही. यजमान कारखान्यात सगळ्यात लांबच्या मागाशी उभे होते. बाईंनी रुमाल वर धरला होता. तो खाली केला की त्यांनी फक्त तेवढाच माग थांबवायचा.

रुमाल खाली आला. यजमानांनी दांडा ओढला. माग थांबलेला मला दिसला, पण ऐकू आला नाही. एवढ्या मागांच्या धडधडीत एक कमी झाला तर कुणाला कळणार?

मुलीचा हात थांबला. कांडी डगमगून आडवी पडली. आणि तिने मान वळवली. इकडेतिकडे नाही, नेमकी त्याच कोपऱ्याकडे.

बाईंनी रुमाल वर केला. माग सुरू झाला. तिने मान पुन्हा फिरवली आणि कांडी उचलली. मग बाईंनी दुसऱ्या बाजूचा माग थांबवायला लावला. ती त्या बाजूला वळली. मग मधला. ती मधे वळली. सगळे बल्ब जळत होते. यजमान मधल्या मागापाशी दांड्यावर हात ठेवून उभेच राहिले, तो परत सुरू करायचाही विसरले. मुलगी एकटक तिकडे बघत होती आणि तिच्या घशातून बारीक किरकिर सुरू झाली होती.

मालकीणबाई माझ्या खांद्याला हात लावून ओठांनी म्हणाल्या, "आम्हाला कळलं न्हाई, हिला कळलं."

मी मात्र बाईंकडे बघत होते. कानाच्या डॉक्टरांनी आवाज करून बघितला होता, सासूबाईंनी केला होता, आत्ता मीही टाळ्या वाजवल्या होत्या. सगळे आवाज करून बघत होते. लाईट गेली की मागही थांबायचे; आवाज थांबवून बघावं हे या एका बाईंना सुचलं, तेही लाईट गेली की रडती या माझ्या एका वेड्यावाकड्या वाक्यावरून. माणूस माणसाकडे इतकं बघू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

खोलीचं दार लावून चहा घेताना बाई म्हणाल्या, "तिला ऐकू येतं. तुमच्या-माझ्यापेक्षा बारीक ऐकू येतं."

आत्या तेव्हा पुन्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या, त्या दाराशी बसून ऐकत होत्या. "मग ओ का देत न्हाई?"

"आपल्याला हाक मारतात तेव्हा कुणीतरी आपल्याला बोलावतंय हे तिला अजून उमगलेलं नाही, आजी. तिच्या लेखी टाळी, ताट आणि नाव सारखंच. या मुलांना माणसांकडे बघायला शिकवावं लागतं. इतर मुलं ते आपोआप शिकतात." याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे फार थोड्या डॉक्टरांना हे माहीत आहे, औषध नाही, बोलेल की नाही हे आज सांगता येणार नाही. पक्कं सांगायला तिला पुन्हा पुन्हा बघावं लागेल. पण बहिऱ्यांच्या शाळेचा दाखला त्या देणार नव्हत्या.

"बहिरी बी न्हाई, वेडी बी न्हाई," आत्या म्हणाल्या. "मग हाय तरी काय?"

"तेच बघायचं आहे," बाई म्हणाल्या. त्यांना त्या प्रश्नाचा राग आला नाही, याचंही मला नवल वाटलं.

निघताना त्यांनी माझ्या रहाटाकडे बोट केलं. "हा थांबला की ती बघते?"

मी कधी लक्षच दिलं नव्हतं. फिरवून थांबवला. तिने बघितलं.

"मग दिवसातून जमेल तेव्हा असंच थांबवा, आणि तिने वळून पाहिलं की लगेच तिचं नाव घ्या. जवळ, तिच्या तोंडासमोर, एकदाच. दुसरं काही बोलू नका."

त्यानंतर मी ते करू लागले. रहाट थांबवायचा, तिने बघितलं की नाव घ्यायचं, पुन्हा फिरवायचा. कांड्यांचं काम मागे पडू लागलं. मालकीणबाई येता-जाता म्हणायच्या, "शाळा सुरू झाली काय?" आत्यांना हे सगळं खुळं वाटायचं. गावी परत जाताना त्या यजमानांना बजावून गेल्या, "बायकांच्या नादी लागू नगंस. त्या शाळेला परत एकदा इचार. कानाच्या डॉक्टरचा कागद हाय न्हवं आपल्याकडं?" यजमान त्यांची पिशवी उचलून पुढे झाले. खाटेखालची पेटी मात्र त्यांनी हलवली नाही. फ्रॉक तिच्यात तसेच होते. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना काहीतरी ठरवून सांगावं लागलं असतं.

उन्हाळा सरत आला. मुलगी रहाट थांबला की माझ्या हाताकडे बघायची. तोंडाकडे नाही. बाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, "हातापर्यंत आली ना?" मला तेवढंच पुरलं.

मग एक सुट्टीचा वार आला. माग बंद, रहाटही कोपऱ्यात ठेवलेला. ती खाटेखाली त्या पेटीला टेकून पडली होती. यजमान दारात दाढी करत होते. मी भाकऱ्या थापत होते. पिठाचे हात तसेच धरून मी तिच्याकडे वळले. थांबवायला त्या दिवशी घरात काहीच नव्हतं. मी नुसतं नाव घेतलं.

तिने डोकं बाहेर काढलं. आधी रहाटाकडे बघितलं. तो तर थांबलेलाच होता. तिला कोडं पडल्यासारखं झालं. मग तिची नजर फिरत फिरत माझ्या पिठाच्या हातांवर आली, हातांवरून वर गेली, आणि माझ्या तोंडावर येऊन थांबली. फार वेळ नाही. पण तिच्या डोळ्यांचा रंग मधासारखा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पाच वर्षांत तो मला असा समोरून दिसला नव्हता.

यजमानांनी वस्तरा खाली ठेवला होता. अर्ध्या गालावर साबण तसाच. "परत एकदा म्हन," ते म्हणाले.

"न्हाई," मी म्हणाले. "बाईंनी सांगितलंय, लई येळा न्हाई."

ते आत आले. खाटेखाली हात घालून त्यांनी पेटी ओढली. मुलगी टेकून होती, ती किरकिरली, म्हणून त्यांनी आधी तिला हलकेच बाजूला केलं. पेटी उघडून तिचे फ्रॉक काढून खुंटीवर टाकले, एकेक करून, जणू ते ओले आहेत. मग रिकामी पेटी माझ्या रहाटाशेजारी आणून ठेवली.

"कांड्या ठेवत जा हितं," ते म्हणाले, आणि उरलेली दाढी करायला दारात गेले.